मोतीरामचे रक्त

मेहकर
ता. ११ जानेवारी १९७०

शालू,

पाकिटावरचे अक्षर ओळखून तू हे न वाचताच फाडशील असे वाटते. तसे करू नकोस. निदान अर्धे पान वाच.

मोतीराम गेला. १९ डिसेंबरला, शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास, दुसरबीडला, त्याच्या हॉटेलात. पाण्याचा हंडा उचलून भट्टीजवळ ठेवला आणि कंबर सरळ करताना खाली बसला. अन्नपूर्णाबाईंना वाटले चक्कर आली. त्यांनी तोंडावर पाणी मारले. जालन्याकडे जाणारी गाडी समोर उभी होती, तिच्या कंडक्टरने गाडी थांबवून धरली. पण गाडीत घालण्यासारखे काही उरले नव्हते. वय छत्तीस. त्याला आणि अन्नपूर्णाबाईंना मूलबाळ नाही, ते तुला माहीत असेलच.

असेलच असे लिहितो, कारण तुझा भुसावळचा पत्ता त्याच्या पेटीत मिळाला. सोबत तुझी सतरा पत्रे होती. मी ती वाचली नाहीत, पत्ता तेवढा उतरवून घेतला. तो तुला लिहीत होता हे मला त्या दिवशी कळले. तार करायला हवी होती. केली नाही.

आता ज्यासाठी लिहितो ते.

दिवाळीनंतर मोतीरामच्या छातीत दुखू लागले होते. हंडा घेऊन चढाव चढला की दुखायचे, बसला की थांबायचे. मी त्याला इथे मेहकरला डॉक्टरांना दाखवले. त्यांनी छातीला नळी लावली, पण जास्त वेळ ते त्याच्या डोळ्यांकडे पाहत होते. पापण्यांच्या कोपऱ्यात त्याला पिवळे चट्टे होते ते तुला आठवत असतील. मग त्यांनी टाचेच्या मागची शीर चाचपली. तिथे आपल्याकडे जाड गाठ असते. बाबांना होती, काकांना होती. आई तिला घराण्याची टाच म्हणते आणि लोण्याने चोळून देते. डॉक्टरांनी बाबा किती वर्षांचे असताना गेले ते विचारले. मी चव्वेचाळीस सांगितले. काका चाळीसच्या आतले. त्यांनी अकोल्याच्या एका रक्त तपासणाऱ्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली.

आम्ही २७ नोव्हेंबरला अकोल्याला गेलो. काही कारणाने तपासणी पूर्ण होऊ शकली नाही.

तेराव्यानंतर, ६ जानेवारीला, मी एकटा पुन्हा अकोल्याच्या त्या डॉक्टरांकडे गेलो. काय झाले असावे ते विचारले. त्यांनी कागदावर नळी काढून दाखवली. रक्तात प्लेटलेट नावाचे फार बारीक कण असतात. कुठे कापले की ते तिथे गोळा होतात, एकमेकांना चिकटतात, त्यामुळे रक्त थांबते. हे त्यांचे कामच आहे. पण काही घराण्यांत जन्मापासूनच रक्तात चरबी जास्त असते. तिला ते कोलेस्टेरॉल म्हणतात. ती नळीच्या आतून थराने बसत जाते, वर्षानुवर्षे. आणि अशा रक्तात ते कणही नको तितके चिकट होतात. एखादे दिवशी तो थर जरासा तडकतो. कणांना ते कापल्यासारखे वाटते आणि ते तिथे जमतात. नळी हृदयाची असली तर माणूस जातो.

मी म्हटले, स्टँडवर गाडी लागायच्या आधीच फाटकाला गर्दी होते तसे का? ते म्हणाले, साधारण तसेच, फक्त इथे गाडी येणारच नसते.

मग त्यांनी विचारले, "भावंडं किती?" मी म्हटले, "मी, आणि एक बहीण होती." त्यांनी कागदावर लिहिता लिहिता विचारले, "ती कशानं गेली? किती वर्षांची होती?" तेव्हा मला "आहे" म्हणावे लागले.

तुला टाचेची गाठ आहे. लहानपणी तुला पायताण लागायचे ते त्यामुळेच. डोळ्याजवळही एक चट्टा होता. पाहायला आलेल्या बायका त्याला सोन्याचा ठिपका म्हणायच्या. डॉक्टर म्हणाले, बायकांना हे थोडे उशिरा गाठते, पण गाठते. तू रक्त तपासून घे. मुले असतील तर त्यांचेही.

भगवंत


मेहकर
ता. २८ जानेवारी १९७०

शालू,

महादेवरावांचे कार्ड मिळाले. तुझा निरोप त्यांनी जसाच्या तसा लिहिला आहे. "ज्या बाईच्या नावाने आंघोळ झाली तिचे रक्त हवे असेल तर ते नदीतूनच काढा."

आंघोळ झाली हे खरे आहे. १९६१ चा मे महिना होता. तुझे कुंकू झालेले होते आणि तू महादेवरावांबरोबर भुसावळला निघून गेलीस. मुलाकडचे लोक ओट्यावर येऊन बसले होते. मी नदीवर गेलो, मोतीरामलाही नेले. घरी आल्यावर आईला सांगितले की आता दोघेच. नऊ वर्षे मी तुझे नाव घेतले नाही आणि घरात घेऊ दिले नाही. त्याबद्दल आज वेगळे काही लिहिणार नाही. लिहिले तर तू म्हणशील गरज पडली म्हणून लिहितो, आणि ते चूक असणार नाही.

पण रक्ताला आंघोळ कळत नाही. तेवढ्यासाठी हे पत्र.

अकोल्याला काय झाले असे महादेवरावांनी विचारले आहे. थोडक्यात सांगतो. तपासणीला अगदी उपाशी पोटी जायचे होते. मेहकरहून अकोल्याला सरळ गाडी आहे, पण आई म्हणाली, आधी शेगावला दर्शन घ्या. आम्ही आदल्या दिवशी शेगावला मुक्काम केला. सकाळी तिथे मोतीरामने प्रसाद घेतला. त्यामुळे रक्त गढूळ आले. डॉक्टर म्हणाले, अशा रक्तावर आकडा बरोबर येत नाही, पुढच्या गुरुवारी काही न खाता या. त्या गुरुवारी मला रजा मिळाली नाही. स्टँडवर कंट्रोलर दोघेच आहोत. नंतर राहून गेले.

तुझ्या मुलीचे नाव आशा आहे आणि ती सहा वर्षांची आहे, असे कार्डावर आहे. तिच्या टाचेला हात लावून बघ.

भगवंत


मेहकर
ता. १५ फेब्रुवारी १९७०

शालू,

तुझ्या हातचे पत्र परवा आले. मोतीरामने तुला ३० नोव्हेंबरला लिहिलेल्या पत्रातल्या दोन ओळी तू उतरवून पाठवल्या आहेस. "गुरुवारी डॉक्टरनं पुन्हा बलावलं व्हतं. पन दादा म्हनते आता जाची गरज नाही, रक्त साजरं हाये." त्याखाली तू विचारले आहेस की रजा मिळाली नाही का गरज नव्हती, दोन्हीतले एक काय ते लिहा. ते खरे लिहिले तर आशाच्या आणि तुझ्या रक्ताचे बघेन, नाहीतर यापुढे पाकीट तसेच परत येईल.

दोन्ही खरे नाही. जे आहे ते लिहितो.

शेगावला धर्मशाळेत आमच्या शेजारी जळगावकडचे एक कुटुंब होते. त्यांचा नवस फिटला होता. पहाटेच उठून त्यांनी शिरा केला आणि खोल्याखोल्यांतून द्रोण वाटत आले. तुपात नुसता भिजलेला होता. मोतीराम द्रोण हातात घेऊन तसाच उभा राहिला. मला म्हणाला, "दादा, डॉक्टरनं तं काहीच खाऊ नोका म्हनलं व्हतं."

ती बाई दारातच उभी होती. मी म्हटले, "परसादाले नाही म्हनू नये बे. थो खान्यात धरत नाहीत. घे."

त्याने खाल्ला. त्या बाईने दुसरा द्रोण दिला, तोही खाल्ला. मीही खाल्ला. माझ्या मनात त्या वेळी खरोखर ते खाणे नव्हते. लहानपणापासून आपण उपासाच्या दिवशीही प्रसाद घेत आलो आणि उपास मोडला असे कोणी म्हटले नाही.

अकोल्याला दहा वाजता आमची पाळी आली. रक्त काढणाऱ्याने विचारले, "सकाळपासून काही खाल्लं का?" मोतीरामने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "नाही. काही नाही." हे मात्र मी समजून उमजून म्हटले. शिरा सांगितला तर परत पाठवतील हे त्या क्षणी माझ्या लक्षात आले होते.

दोन तास बाकावर बसलो. मग डॉक्टर स्वतः काचेची नळी घेऊन बाहेर आले. खाली रक्त बसले होते आणि वरचे पाणी, जे स्वच्छ दिसायला हवे, ते पांढरे होते. पातळ ताकासारखे. मोतीराम ते पाहून म्हणाला, "घ्या! माह्या अंगात तं दूधच निंगालं, दादा. आता हॉटेलात च्याले कमी नाही पडनार." बाकावरचे सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारले, "काय खाल्लंत?"

मोतीराम म्हणाला, "खाल्लं काही नाही जी. परसाद घेतला, दोन दोने."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही लिहिता-वाचता माणूस दिसता. अंगावर सरकारी गणवेश आहे. मग 'नाही' असं का सांगितलंत?" आवाज चढवला नव्हता. बाकावर अकरा माणसे होती. त्यांतला एक मेहकरचा होता, मला रोज स्टँडवर पाहणारा. डॉक्टरांनी गुरुवार सांगितला, ४ डिसेंबर, आणि आत गेले.

परतीच्या गाडीत मोतीराम बोलतच होता. त्याला त्या नळीची गंमत वाटली होती. मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, "गुरुवारी येशीन ना दादा? तू असला म्हंजे मले धीर राह्यते." मी म्हटले, "काऊन उगीच? थे दूध शिऱ्याचं व्हतं. शिरा खाल्ला म्हून दिसलं. म्हंजे रक्त साजरंच हाये."

डॉक्टर असे म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते की ते दूध शिऱ्याचे आहे की अंगचे, हे उपाशी रक्त पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. मी त्यातले पहिले घेतले आणि दुसरे सोडले.

रजा मिळत होती. मी अर्ज केला नाही. ४ तारखेला मी दिवसभर स्टँडवर होतो आणि तिथे माझ्याशिवाय अडले असे काही नव्हते. मला त्या बाकासमोर पुन्हा उभे राहायचे नव्हते. त्या डॉक्टरांनी "आज तरी खरं सांगा" म्हटले असते, आणि मोतीराम शेजारी असता. एवढेच कारण आहे. दुसरे मी शोधून पाहिले, सापडले नाही.

तो एकटा गेला नसता. कधीच कुठे एकटा गेला नाही. मी जाऊ नको म्हटल्यावर त्याने पुन्हा विचारले नाही. त्या गुरुवारनंतर तो पंधरा दिवस होता.

गुरुवारी गेलो असतो तर तो वाचला असता का, हे मी डॉक्टरांना ६ तारखेला विचारले. ते म्हणाले, सांगता येत नाही. आकडा कळला असता, हंडे उचलू दिले नसते, तूप बंद केले असते, गोळ्या दिल्या असत्या. तरीही सांगता येत नाही. मी त्यांना हो किंवा नाही म्हणायला सांगितले. ते म्हणाले, ते मी म्हणणार नाही.

आईला आणि अन्नपूर्णाबाईंना मी हे काल सांगितले, तुला लिहिण्याआधी. अन्नपूर्णाबाई उठून आत गेल्या. अजून माझ्याशी बोललेल्या नाहीत. आई म्हणाली, "मीच धाडलं शेगावले." मी म्हटले, "तू दर्शनाले धाडलं व्हतं. बाकी म्या केलं."

तू आणखी एक लिहिले आहेस. नदीवर त्या दिवशी मोतीरामने आंघोळ केलीच नव्हती, लोटाभर पाण्याने नुसते डोके भिजवले आणि माझ्या मागून घरी आला, असे त्याने तुला पहिल्याच पत्रात कळवले होते. मला हे माहीत नव्हते. मी पुढे चालत होतो.

भगवंत


मेहकर
ता. ६ मार्च १९७०

शालू,

"येते" एवढेच लिहिलेले कार्ड मिळाले.

गुरुवार, १२ मार्च. डॉक्टरांशी बोललो आहे, ते नऊ वाजता वेळ देणार आहेत. बुधवारी संध्याकाळी सातच्या आत दोघी जेवा. नंतर पाण्याशिवाय काही नाही. चहा नाही, आशाला दूधही नाही. गाडीत कोणी काही दिले तर घेऊ नका. लहान मूल रडेल, ते रडू दे. रक्त काढले की लगेच खायला चालते. मी बिस्किटे आणि केळी आणतो.

माझेही रक्त काढायचे आहे. मी अकोला स्टेशनवर असेन. माझ्याशी बोलायचे नसेल तर बोलू नकोस, दवाखान्याचा रस्ता तेवढा दाखवीन.

भगवंत


मेहकर
ता. २२ मार्च १९७०

शालू,

डॉक्टरांनी तिघांचे कागद एकाच पाकिटात माझ्या पत्त्यावर पाठवले. ते काल मिळाले. नळ्या या वेळी तिन्ही स्वच्छ होत्या हे तू पाहिलेच. डॉक्टर म्हणतात, त्याने फसू नये. हे कोलेस्टेरॉल डोळ्यांना दिसत नाही, पाणी नितळ असते आणि आकडा मोठा असतो. मोतीरामचेही बहुधा तसेच निघाले असते. दूध शिऱ्याचे होते, आणि रक्त साजरे नव्हते.

अडीचशेच्या वर गेले की ते जास्त धरतात. तुझे ४०८ आहे. आशाचे ३५६.

सोबत त्यांनी दीड पान लिहून दिले आहे, ते नीट वाच. तूप, लोणी, साय, अंड्याचा बलक, मटण बंद. तेल करडीचे वापरायचे, तेही बेताने. तुझ्यासाठी गोळ्यांचे नाव लिहिले आहे, त्या भुसावळला मिळतील. नाही मिळाल्या तर कळव, मी अकोल्याहून आणून पाठवीन. जिना चढताना छाती, डावा हात किंवा जबडा दुखला तर दुखणे थांबायची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दाखवायचे. आशाची टाच अजून मऊ आहे. डॉक्टर म्हणाले, सहाव्या वर्षी कळले ही मोठी गोष्ट आहे, हाताशी वेळ आहे. दोघींचे रक्त सप्टेंबरमध्ये पुन्हा पाहायचे आहे. टाचेला लोणी चोळल्याने काही होत नाही, पण नुकसानही नाही, असे त्यांनी आईसाठी मुद्दाम लिहिले आहे.

माझे १८४ आहे. यात भिण्यासारखे काही नाही. बाबांचे जे होते ते तुम्हा दोघांकडे गेले, माझ्याकडे आले नाही. मी डॉक्टरांना ट्रंककॉल करून विचारले की नळ्यांची अदलाबदल झाली असेल का. ते म्हणाले, झालेली नाही, असे होते, अर्ध्या भावंडांत येते आणि अर्ध्यांत येत नाही. तीन मिनिटे संपत आली होती, म्हणून मी फोन ठेवला.

आईला आकडे सांगितले नाहीत. तुला भेटलो एवढे सांगितले. तिने विचारले, "जाडी झाली का?" मी म्हटले, "नाही, तशीच हाये." तिने आशाचे विचारले. मी म्हटले, सुई टोचताना रडली नाही, फक्त मला म्हणाली की तुम्ही कोण. तू उत्तर दिले नाहीस, म्हणून मीही दिले नाही. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली की पुढच्या वेळी मलाही ने. मी सप्टेंबर सांगितला आहे. तू नको म्हणत असशील तर तसे लिही, मी तिला समजावीन.

तुझा मूळ कागद सोबत आहे. वरच्या ओळीत नाव आणि वय आहे. तिथल्या माणसाने तुझे वय विचारले तेव्हा तू आशाची बाही वर करत होतीस, म्हणून मी सांगितले. बावीस. त्याने लिहिलेसुद्धा. तू मान वर न करता म्हणालीस, "एकतीस." तू गेलीस तेव्हा बावीस होतीस. त्यापुढे मी मोजले नव्हते.

त्याने बावीस खोडून शेजारी एकतीस लिहिले आहे. शाई जरा पसरली आहे, पण वाचता येते.

भगवंत